इव्हान इव्हान्स नेमका कुठला? वेल्श वंशावळीसाठी तीन ऑनलाइन सेवांचं परीक्षण

ओवेन ओवेन, विल्यम विल्यम्स, डेव्हिड डेव्हिस, ग्रिफिथ ग्रिफिथ. ही छपाईची चूक नव्हे. ओवेन ओवेन १८४७ साली वेल्समधल्या माखनलेथजवळ जन्मला आणि लिव्हरपूलमध्ये त्याने स्वतःच्या नावाचं मोठं दुकान थाटलं. लॉस एंजेलिसमधलं ग्रिफिथ पार्क ज्याने शहराला दिलेल्या जमिनीवर उभं आहे, तो ग्रिफिथ जे. ग्रिफिथ मूळचा वेल्समधल्या ग्लॅमॉर्गन परगण्यातला. १८३१ च्या मर्थर टिडफिलच्या उठावात आधी फाशीची आणि मग काळ्या पाण्याची शिक्षा झालेला कामगार कागदोपत्री लुइस लुइस. गावात मात्र तो लुसिन अर हेलिअर, म्हणजे ‘शिकारी लुसिन’. ही टोपणनावं हौसेची नव्हती. त्यांच्याशिवाय माणूस ओळखताच आला नसता.

एखाद्या मराठी घरात वेल्श जावई किंवा सून आली आणि कुणी हौसेने दोन्हीकडची वंशावळ मांडायला बसलं, की आपली बाजू पाच पिढ्या सरळ जाते आणि तिकडची तिसऱ्या पिढीत इव्हान इव्हान्सपाशी अडते. असा माणूस शोधताना कोणती सेवा कितपत कामाची, एवढंच इथे तपासलं आहे. त्यात आहेत ब्रिटिश सरकारच्या जनरल रजिस्टर ऑफिसची (पुढे जीआरओ) ऑनलाइन सूची, स्वयंसेवकांनी उभी केलेली जन्म-विवाह-मृत्यूंची सूची फ्रीबीएमडी आणि मॉर्मन चर्चची फॅमिलीसर्च. तिन्हींवर शोध घ्यायला पैसे लागत नाहीत. दाखल्याची नक्कल मागवली तर लागतात.

आधी ही नावं अशी का, ते समजून घ्यायला हवं, नाहीतर कुठल्याही सेवेत चुकीचा बाप गळ्यात पडतो. आपल्याकडे आडनाव नाही, फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव आहे, अशी कल्पना करा. रामचंद्र गोविंदच्या मुलाला आजोबांचं नाव मिळून तो होतो गोविंद रामचंद्र. नानासाहेब पेशवे बाळाजी बाजीराव आणि त्यांचे आजोबा बाळाजी विश्वनाथ, तशातलाच प्रकार. आता मध्येच एखाद्या पिढीत कारकून आला आणि ‘वडिलांचं जे नाव, तेच यापुढे घराण्याचं आडनाव’ असं म्हणाला. गोविंद आडनाव झालं, पुढे नातवाला आजोबांचं नाव ठेवलं, की झाला गोविंद गोविंद.

वेल्समध्ये हेच झालं, फक्त काही शतकांत हळूहळू. तिथे ‘अप’ किंवा ‘अब’ म्हणजे अमक्याचा मुलगा. अप रिसचं प्राइस झालं, अप हवेलचं पॉवेल, अब इव्हानचं बेव्हन. जिथे ‘अप’ गळून पडलं तिथे शेवटी इंग्रजी ‘स’ चिकटला आणि जोन्स, विल्यम्स, इव्हान्स, ह्यूज तयार झाले. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी कारभार इंग्रजीत गेला. जमीनदारांनी लवकर आडनावं धरली, पण वायव्येकडच्या डोंगराळ भागात वडिलांच्या नावाची पद्धत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली.

म्हणून इव्हान इव्हान्स दोन जातींचा असतो. एक, ज्याचं आडनाव आधीच गोठलेलं आहे: त्याचा बाप जॉन इव्हान्स, थॉमस इव्हान्स असा कुणीतरी. दुसरा, ज्याच्या आडनावात बापाचं नाव अजून जिवंत आहे: त्याचा बाप इव्हान, पण इव्हान प्यू, इव्हान रॉबर्ट्स, काहीही. १८०० च्या आधीचा, मेरिओनेथ किंवा कार्नार्वन परगण्यातला माणूस असेल तर दुसरी शक्यता आधी तपासावी. बापाचं पहिलं नाव इव्हान धरायचं आणि आडनावाचा रकाना कोरा ठेवायचा. नवख्यांची बहुतेक झाडं (वंशवृक्ष) इथेच वाकडी वाढतात, कारण संगणकाची सूचना बापाला गुमान ‘इव्हान्स’ लावून देते.

मुद्दा असा की या कामात नाव जवळजवळ निरुपयोगी असतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांकडे नामावळ काढायला गेलं, की आधी गाव विचारतात, मग आडनाव, व्यक्तीचं नाव सगळ्यात शेवटी. सेवेची परीक्षाही तशीच करावी: नावाखेरीज ती आणखी काय विचारू देते आणि उत्तरात काय दाखवते?

या कसोटीवर पहिला नंबर जीआरओच्या सूचीचा, जरी तिन्हींत दिसायला सगळ्यात रुक्ष तीच आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. जुन्या छापील जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून येतं. जीआरओने २०१६ मध्ये नव्याने केलेल्या ऑनलाइन सूचीत मात्र ते थेट १८३७ पासून आहे. मृत्यूच्या सूचीत वयाचं तसंच. जुन्या सूचीत वय १८६६ पासून, नव्या सूचीत सुरुवातीपासून. वेल्श शोधासाठी हे दोन रकाने सोन्यासारखे आहेत.

खातं मोफत उघडायचं. आडनाव, लिंग आणि साल भरावंच लागतं, सालात जास्तीत जास्त दोन वर्षं मागेपुढे धरता येतात. पहिल्या फेरीत आडनाव इव्हान्स, नाव इव्हान, पुरुष, साल आणि नोंदणी जिल्हा. आडनावाच्या जुळणीसाठी ‘मिळतंजुळतं’ न निवडता ‘तंतोतंत’ निवडा, नाहीतर यादी उगाच फुगते. येतील तेवढे सगळे इव्हान इव्हान्स आईच्या माहेरच्या आडनावासकट वहीत उतरवून घ्या. दुसऱ्या फेरीत नावाचा रकाना रिकामा सोडायचा, आईचं माहेरचं आडनाव भरायचं आणि त्याच जिल्ह्यातली भावंडं काढायची. इव्हान इव्हान्स पन्नास असतील, पण ज्याची आई माहेरची प्यू आणि भावंडं ग्वेन, रिस, लौरी अशी आहेत, तो बहुधा एकच.

वैताग इथेच आहे. पुरुष आणि स्त्री यांचा शोध वेगवेगळा घ्यावा लागतो आणि एका वेळी फार तर पाच वर्षं पाहता येतात. एका आईची वीस वर्षांतली मुलं हवी असतील तर चार वेळा मुलगे, चार वेळा मुली, असे आठ शोध. २०१६ पासून हे असंच चालू आहे. सरकारी खातं, दुसरं काय.

आई माहेरचीही इव्हान्स असेल तर? वेल्समध्ये हे नेहमीचंच. नव्या सूचीत तिथे ‘इव्हान्स’ असंच दिसतं, आणि विवाहबाह्य अपत्याच्या नोंदीत त्या जागी नुसती आडवी रेघ. १९११ नंतरच्या जुन्या छापील सूचीत मात्र विवाहबाह्य अपत्यापुढे आईचं स्वतःचंच आडनाव छापलेलं असतं. त्यामुळे ‘इव्हान्स, आई इव्हान्स’ या नोंदीचे तिथे दोन अर्थ निघतात. जुनी सूची पाहून कुणाला अनौरस ठरवण्याआधी नवीत ती नोंद उघडा.

मग काट मारणं. यादीतल्या प्रत्येक इव्हान इव्हान्ससाठी मृत्यूसूचीत वय घालून शोधायचं. एकोणिसाव्या शतकात लहानपणीच गेलेली मुलं पुष्कळ, त्यामुळे यादी भराभर आकसते. सावध राहा, कारण काही तान्ह्या मुलांचं महिन्यांतलं किंवा आठवड्यांतलं वय सूचीत वर्षं म्हणून चढलं आहे. चार महिन्यांचं बाळ चार वर्षांचं दिसू शकतं. शिवाय गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला ठेवायची रीत होती. एकाच आईबापांचे दोन इव्हान दिसले तर ती सूचीची चूक समजू नका.

तिमाहीचा घोळही लक्षात ठेवा. मार्च तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्च, पण ती नोंदणीची तारीख, जन्माची नव्हे. नोंदणीला ४२ दिवसांची मुदत होती, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेला मुलगा पुढच्या सालात सापडू शकतो. १८७५ च्या आधी नोंद करण्याची सक्ती ढिली होती. सुरुवातीच्या दशकांत वेल्समधले बरेच जन्म नोंदलेच गेले नाहीत. न सापडणारा इव्हान बाप्तिस्म्याच्या वहीत शोधावा, तीही बहुधा चॅपेलच्या. एकोणिसाव्या शतकात तिथली बरीच जनता सरकारी चर्चबाहेरच्या पंथांची होती.

नक्कल मागवायची तर एप्रिल २०२४ च्या दरवाढीनंतर संगणकावरची नुसती प्रतिमा ३ पौंड, पीडीएफ ८ पौंड आणि कागदी दाखला साडेबारा पौंड. पहिले दोन पर्याय ठरावीक सालांतल्या जन्म-मृत्यूंसाठीच आहेत. नुसती माहिती हवी असेल तर ३ पौंडवाली प्रतिमा पुरते, कागदी दाखल्यावर पैसे घालवू नका. दाखल्यात आईच्या नावाकडे नीट बघा: ‘फॉर्मर्ली’च्या पुढे असतं ते माहेरचं आडनाव, ‘लेट’च्या पुढे आधीच्या नवऱ्याचं. दोन्हींची गल्लत केली तर सगळं आजोळच बदलतं.

जीआरओच्या ऑनलाइन सूचीत लग्नं नाहीत. ती उणीव भरून काढते फ्रीबीएमडी, १९९८ पासून स्वयंसेवकांनी छापील सूच्या बघून टाइप केलेली. खातं उघडावं लागत नाही, अनेक जिल्हे एकदम निवडता येतात, सालांची मर्यादा स्वतः ठरवता येते. मार्च १९१२ पासून जोडीदाराचं आडनावही शेजारी येतं. त्याआधीच्या लग्नात मात्र पान क्रमांकावर क्लिक करावं लागतं. त्याच पानावरची नावं समोर येतात आणि वर कोणता, वधू कोणती, हे आपण जुळवायचं. १८५२ पासून एका पानावर साधारणपणे दोन लग्नं, म्हणजे चार नावं. त्याआधी जास्त. चारपैकी दोन नावं ‘इव्हान इव्हान्स’ निघाली तर अंदाज बांधत बसू नका, दाखला मागवा. लग्नाच्या दाखल्यात दोन्हीकडच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. या सगळ्या उपद्व्यापात साडेबारा पौंड सार्थकी लागतात ते इथे.

फ्रीबीएमडीतला खंड क्रमांक (नोंद कोणत्या भागातली ते सांगणारा आकडा) ही फुकटात मिळणारी चाळणी आहे. १८५१ पर्यंत रोमन आकडे: दक्षिण वेल्ससाठी २६, उत्तरेसाठी २७. १८५२ पासून दक्षिणेसाठी ‘११ ए’, उत्तरेसाठी ‘११ बी’. कार्डिगन, ब्रेकन आणि रॅडनर नकाशावर खाली दिसले तरी ‘११ बी’त धरतात. कुटुंब अँगलसी बेटावरचं आणि कुणी दिलेला संदर्भ ‘११ ए’चा, तर तो माणूस दुसराच किंवा घर सोडून दक्षिणेतल्या कोळशाच्या खाणीत गेलेला. गावांची स्पेलिंगं जुनीच घाला. डॉल्गेलाय तिथे डॉल्गेली आहे आणि कार्नार्वनच्या स्पेलिंगात आजच्यासारखा ‘एफ’ नसून ‘व्ही’. नोंदणी जिल्हे परगण्याची हद्दही पाळत नाहीत. एकट्या माखनलेथ जिल्ह्यात तीन परगण्यांतली गावं आहेत.

सूची सूचीच असते, त्यामुळे एकट्या फ्रीबीएमडीच्या भरवशावर माणूस पक्का होत नाही. उत्तर वेल्ससाठी तिला नॉर्थ वेल्स बीएमडीची जोड द्यावी. ती स्थानिक निबंधक कार्यालयांच्या वह्यांवरून केलेली आहे आणि लग्नाच्या नोंदीत वर-वधू जोडीने दिसतात. तिचे संदर्भ क्रमांक वेगळे असतात, ते जीआरओच्या अर्जात घालू नका.

फॅमिलीसर्चची गोष्ट दोन तोंडांची आहे. शोधयंत्र म्हणून ती उत्तम, झाड म्हणून धोक्याची.

उत्तम अशासाठी की तिथे माणसाचं नाव कोरं सोडून फक्त आईबापांच्या नावांवर शोधता येतं. बाप इव्हान, आई ग्वेन, ठिकाण मेरिओनेथ, सालं १७८० ते १८१०: या जोडप्याची म्हणून नोंदलेली मुलं एका यादीत येतात, आडनाव इव्हान असो, इव्हान्स असो की प्यू. वर सांगितलेला ‘दुसऱ्या जातीचा’ इव्हान पकडायला याहून सोपं साधन मोफत सेवांत नाही. अनेक अक्षरांसाठी तारा आणि एका अक्षरासाठी प्रश्नचिन्ह चालतं, त्यामुळे ‘इव्हान’पुढे तारा टाकून दोन्ही रूपं एकदम मिळतात. नावापुढचा ‘तंतोतंत’चा चौकोन मात्र बापाच्या आडनावाला कधीच टिक करू नका. १८८१ च्या जनगणनेची नक्कलही तिथे पूर्ण मोफत आहे.

जनगणना वापरताना १८४१ ची वयं ताडून घ्या, पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुधा खालच्या पाचाच्या पटीत उतरवलेली आहेत. १८५१ पासून जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीतला गावभाग) आणि घरातल्या प्रमुखाशी असलेलं नातं येतं. १८९१ पासून वेल्सच्या कागदावर भाषेचा रकाना आहे: वेल्श, इंग्रजी की दोन्ही. एकाच गावातल्या दोन समवयस्क इव्हान इव्हान्सांपैकी एकाला इंग्रजी येत नसेल, तर तेवढ्यावर कधी कधी निकाल लागतो. १९११ च्या कागदावर लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली, किती हयात, हेही आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते घरच्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं. पण १८९१ आणि १९११ चे मूळ कागद पाहायला साधारणपणे पैसे भरायच्या संकेतस्थळांकडेच वळावं लागतं.

आता धोका. फॅमिलीसर्चवर सगळ्या जगाचं मिळून एकच झाड आहे आणि खातं असलेला कुणीही त्यात बदल करू शकतो. संगणक ‘हे दोघे एकच असावेत’ असं सुचवतो, कुणीतरी उत्साहाने दोन इव्हान इव्हान्स एकत्र करतं, आणि त्या माणसाला दोन बायका, सतरा मुलं आणि दोन मृत्यू चिकटतात. अशी पानं ओळखायला सोपी: एकाच वर्षात दोन मुलं, दोन्ही वेगळ्या परगण्यांत. दुरुस्ती करता येते, बदलांच्या नोंदीत जाऊन एकत्रीकरण मागे घेता येतं. पण त्यानंतर घातलेली माहिती कोणत्या इव्हानची हे हाताने निवडावं लागतं, म्हणून लवकर केलेलं बरं. आपला माणूस पक्का झाला की तीन गोष्टी लगेच करा. ‘जुळत नाही’च्या यादीत दुसरे इव्हान टाका. पर्यायी नावांत शेताचं नाव लिहा. आणि पानाच्या डोक्यावर दिसणारी सूचना लावा. तरीही कुणीतरी येऊन पुन्हा एकत्र करेलच, पण निदान त्याआधी वाचेल.

थॉमस थॉमसचं एक बरं असतं. पहिलं-शेवटचं नाव नक्कल करताना उलटंसुलटं झालं तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते मजकूरशोधात, कारण दोन्ही शब्द एकच असल्याने जगातले सगळे थॉमस पुढ्यात येतात. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मोफत वृत्तपत्र संग्रहात (१९१९ पर्यंत) नाव अवतरणचिन्हांत घालून सोबत शेताचं किंवा गावाचं नाव द्यावं.

शेताचं नाव हीच खरी किल्ली. अठराव्या शतकातला भजनकार विल्यम विल्यम्स (१७१७ ते १७९१) आख्ख्या वेल्सला ‘पँटिकेलिन’ म्हणून ठाऊक आहे, आणि ते त्याच्या शेतघराचं नाव. याच ग्रंथालयाने १८५८ पूर्वीची १ लाख ९० हजारांवर मृत्युपत्रं मोफत ठेवली आहेत आणि त्यांत शेताचं नाव बऱ्याचदा मिळतं. थडग्यांवरही ते असतं. तिथे बायकोचं माहेरचं आडनाव तसंच कोरलेलं दिसलं तर ती कुणी वेगळी बाई समजू नये. वेल्समध्ये लग्नानंतरही बायका बरेचदा माहेरचंच आडनाव लावत.

शेवटचा धागा आपल्या अंगणातला. सापडत नसलेला वेल्श पुरुष पलटणीत असेल तर तो खडकी, पुणे किंवा देवळालीच्या छावणीत निघू शकतो. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं ब्रिटिश लायब्ररीच्या ‘एन/३’ मालिकेत आहेत (बंगाल ‘एन/१’, मद्रास ‘एन/२’). ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस या संस्थेची सूची मोफत चाळता येते, वह्यांच्या प्रतिमा मात्र फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर, पैसे भरून. पलटणीतही नावांची हीच पंचाईत होती, म्हणून तिथे क्रमांकाने हाक मारत. १८७९ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या रॉर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले दोन जोन्स आजही ‘५९३ जोन्स’ आणि ‘७१६ जोन्स’ म्हणूनच ओळखले जातात. दफनाच्या नोंदीत आईबाप नसतात, पण वय, हुद्दा आणि पलटण असते. फिबिसमध्ये इव्हान इव्हान्स सापडला तर आधी पलटणीचं नाव टिपून घ्या, मग तिच्या हजेरीपटात त्याचा क्रमांक शोधा.